हरणांचा मीलनकाळ कशाने ठरतो: थंडी, चंद्र की रात्रीची लांबी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पहिली थंडी पडली की नर हरणं माद्यांच्या मागे लागतात असं काही जण सांगतात, काही जण पौर्णिमेकडे बोट दाखवतात, तर काहींच्या मते दिवस लहान होणं हेच कारण. मग थंडी उशिरा आली तर मीलनकाळ पुढे जाईल का? आणि दिवसमान हेच कारण असेल, तर एकाच जातीची हरणं एका भागात नोव्हेंबरमध्ये आणि दुसऱ्या भागात जानेवारीत का जुळतात? चितळाची पाडसं तर जवळजवळ वर्षभर दिसतात, ते कसं?

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे. समशीतोष्ण पट्ट्यातल्या हरणांमध्ये वेळ ठरते ती रात्रीच्या लांबीवरून. थंडी उशिरा आली म्हणून गर्भधारणा पुढे जात नाही आणि पौर्णिमा आधी आली म्हणून ती अलीकडे सरकत नाही. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे, कारण 'दिवस लहान होतो' एवढ्यावर थांबलं तर चितळाचंही कोडं सुटत नाही आणि नोव्हेंबर-जानेवारीचंही. इथे मी दरवर्षी शिंगं गाळणाऱ्या सारंग कुलातल्या हरणांबद्दलच लिहितो आहे. काळवीट, चिंकारा ही कुरंगं, म्हणजे इंग्रजीत ज्यांना अँटिलोप म्हणतात ती. त्यांचा हिशेब वेगळा.

आधी एक गुंता सोडवू. 'मीलनकाळ सुरू झाला' असं म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो: मादी माजावर कधी येते, नर समागमाला कधी तयार होतो, आणि धावपळ माणसाला कधी दिसते. या तिन्हींची कारणं वेगळी आहेत. वाद होतात ते बहुतेक वेळा तिसऱ्या गोष्टीवरून पहिलीचा अंदाज बांधल्यामुळे. कुणी सांगितलं की 'यंदा हंगाम उशिरा लागला', तर मी आधी विचारतो की हे कशावरून ठरवलं. नर कमी दिसले यावरून, की पाडसं उशिरा जन्मली यावरून? पहिल्या पुराव्याला फारसं वजन नाही, दुसऱ्याला आहे.

मादीपासून सुरुवात करू, कारण तारीख तीच ठरवते. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात, ज्यांचं मुख्य काम उजेड किती आहे हे मेंदूला कळवणं. हा निरोप मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातल्या जैविक घड्याळाकडे जातो आणि तिथून मानेतल्या चेतातंतूंच्या वाटेने मेंदूतल्याच पिनिअल या छोट्या ग्रंथीपर्यंत पोचतो. पिनिअल ग्रंथी अंधारात मेलॅटोनिन हे संप्रेरक सोडते आणि उजाडलं की थांबते. रक्तात मेलॅटोनिन किती तास चढलेलं राहिलं, यावरून शरीराला रात्रीची लांबी कळते. इथे मेलॅटोनिनच्या प्रमाणापेक्षा त्याचा कालावधी महत्त्वाचा आहे. पुढे कातडीखाली मेलॅटोनिनची गोळी बसवण्याचा विषय येईल तेव्हा हा मुद्दा लागणार आहे.

मेंदूखाली लोंबणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीच्या देठाजवळचा एक छोटा भाग हा कालावधी वाचतो. तिथून थायरॉइड संप्रेरकांच्या मार्फत हायपोथॅलॅमसला इशारा जातो, प्रजननाला चालना देणारं किसपेप्टिन बनवणाऱ्या चेतापेशींचं काम बदलतं, पिट्युटरीला हुकूम देणाऱ्या जीएनआरएच या संप्रेरकाचे ठोके वाढतात, पिट्युटरी एलएच आणि एफएसएच ही बीजांडकोशाला जागवणारी संप्रेरकं सोडू लागते आणि मग बीजांडकोश जागा होतो. यातले बरेच बारकावे मेंढ्यांवरच्या कामातून कळले आहेत. मेंढीही रात्र वाढू लागल्यावर माजावर येणारीच आहे, आणि हरणांमध्ये साखळी मूलतः तीच आहे.

या साखळीला वेळ लागतो. उत्तर गोलार्धात २१ जूनच्या सुमारास दिवस सर्वात मोठा असतो आणि त्यानंतर रात्र वाढू लागते. पण युरोपातली रेड डिअरची मादी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये माजावर येते, आणि उत्तर अमेरिकेच्या उत्तर भागातली व्हाइट-टेल्ड डिअरची मादी नोव्हेंबरच्या मध्यावर. म्हणजे नोव्हेंबरात दिसणाऱ्या घटनेची तयारी जुलै-ऑगस्टमध्येच सुरू झालेली असते. ऑक्टोबरअखेरची एखादी थंड लाट ती तारीख बदलू शकत नाही, कारण ती लाट येईपर्यंत बीजांडकोशाचं काम बरंच पुढे गेलेलं असतं.

हंगामातलं पहिलं बीज बऱ्याचदा मुक्या माजात सुटतं: बीज सुटतं, पण मादी नराला उभी राहत नाही. त्यानंतर खरा माज येतो. तो साधारण एक दिवस टिकतो, काही माद्यांत थोडा जास्त. गाभ राहिला नाही तर मादी उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते. रेड डिअरमध्ये सुमारे १८ दिवसांनी, व्हाइट-टेल्ड डिअरमध्ये साधारण चार आठवड्यांनी. हे दोन आकडे लक्षात ठेवा, कारण नोंदी वाचताना त्यांचा फार उपयोग होतो.

नराचं घड्याळही त्याच मेलॅटोनिनवर चालतं, पण त्याचा पट रुंद आहे. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक चढू लागतं. वाढणाऱ्या शिंगावरची मखमल, म्हणजे मऊ केसाळ कातडी, सुकते, तिच्या पट्ट्या लोंबू लागतात आणि नर झुडपांवर शिंगं घासून त्या सोडवतो. त्या एक-दोन दिवसांत शिंग रक्ताने माखलेलं आणि आतून फिकट दिसतं. नंतर सालीचा रस आणि माती लागून ते तपकिरी होतं, टोकं मात्र घासून पांढरी राहतात. मान जाड होते आणि वृषणं वाढतात. हंगाम संपल्यावर टेस्टोस्टेरॉन उतरतं आणि शिंगं गळतात. टणक शिंगांचा नर अशा रीतीने कित्येक महिने समागमाला तयार असतो, आणि मादीची संधी मात्र एका माजात एकाच दिवसाची. म्हणून 'नर तापलेले दिसतात, म्हणजे मीलन सुरू झालं' हा निष्कर्ष चुकतो. नर काही आठवडे आधीपासूनच एकमेकांना हाकलत असतात. झाडांवरचे घासल्याचे व्रण नर तयार झाल्याचं सांगतात. मादीबद्दल ते काहीही सांगत नाहीत.

दिवसमानच मुख्य सूत्रधार आहे याला दोन पुरावे मला सर्वात भक्कम वाटतात. पहिला बंदिस्त प्राण्यांवरचा. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड गॉस यांनी पूर्व आशियातल्या सिका जातीच्या हरणांना कृत्रिम उजेडाखाली ठेवलं. हे काम १९६९मध्ये प्रसिद्ध झालं. वर्षभराचा दिवसमानाचा चढउतार त्यांनी सहा महिन्यांत बसवला, तेव्हा नरांनी एका वर्षात दोनदा शिंगं बदलली. वर्षभर १२ तास उजेड आणि १२ तास अंधार असं ठेवलं तेव्हा शिंगांचं चक्रच अडलं. शिंगांचं चक्र टेस्टोस्टेरॉनच्या मागे चालतं, त्यामुळे हा प्रयोग थेट प्रजननाच्या घड्याळाबद्दल बोलतो. दुसरा पुरावा खुल्या रानातला. एकोणिसाव्या शतकात युरोपातून न्यूझीलंडला नेलेली रेड डिअर आज तिथे मार्च-एप्रिलमध्ये डरकाळ्या फोडतात. वंश तोच, महिना बरोबर सहा महिन्यांनी सरकलेला, कारण दक्षिण गोलार्धात रात्र तेव्हा वाढत असते. दोन्ही ठिकाणी तो काळ शरदाचाच येतो.

आता तुमच्या प्रश्नातला अवघड भाग. दिवसमान सारखं असूनही तारखा वेगळ्या का?

दिवसमान हे फक्त कॅलेंडर आहे. त्या कॅलेंडरच्या कोणत्या पानावर काय करायचं, हे त्या वंशाच्या जनुकांत ठरलेलं असतं, आणि ते ठरलं आहे पाडसाच्या जन्मावरून. फार लवकर जन्मलेलं पाडस थंडीत आणि आईला पुरेसं हिरवं मिळत नसताना सापडतं. फार उशिरा जन्मलेल्याला पुढच्या हिवाळ्याआधी अंग भरायला वेळ मिळत नाही. दोन्ही टोकांची पाडसं जास्त मरतात, आणि ज्या माद्यांची तारीख मधे पडते त्यांचे वंशज टिकतात. निसर्ग जन्माची तारीख धरतो आणि गर्भकाळाएवढं मागे मोजून माजाची तारीख ठरवतो.

हे पटायला दोन अपवाद पाहा. पेअर डेव्हिडचं हरण या मूळच्या चिनी जातीचा गर्भकाळ नऊ महिन्यांहून जास्त असतो. तिचा मीलनकाळ जून-जुलैच्या सुमारास येतो, म्हणजे रात्र सर्वात लहान असते तेव्हा, आणि पाडसं वसंतात जन्मतात. युरोपातलं रो डिअर जुलै-ऑगस्टमध्ये जुळतं, पण फलित गर्भ गर्भाशयात सुमारे पाच महिने जवळजवळ थांबलेल्या अवस्थेत राहतो, डिसेंबरअखेर-जानेवारीत रुजतो आणि पाडसं मे-जूनमध्ये येतात. मीलनाच्या तारखा निरनिराळ्या असल्या तरी जन्म मात्र हिरवळीच्या दिवसांतच होतो. 'रात्र वाढली की माज' हा सगळ्या हरणांना लागू होणारा नियम नाही. रात्रीच्या लांबीवरून ऋतू ओळखणं मात्र या सगळ्यांत आहे.

व्हाइट-टेल्ड डिअरचं उदाहरण तर एकाच जातीतलं आहे. मिशिगनसारख्या उत्तरेकडच्या राज्यात मीलनाचा जोर नोव्हेंबरच्या मध्याला असतो. अलाबामाच्या बऱ्याच भागात तो जानेवारीत येतो. फ्लोरिडात तर एकाच राज्यात दक्षिण टोकाला जुलै-ऑगस्ट आणि वायव्येकडच्या पट्ट्यात जानेवारी-फेब्रुवारी असा फरक दिसतो. तिथे हिवाळा जीवघेणा नसतो, त्यामुळे चुकीच्या महिन्यात जन्मलेल्या पाडसाला उत्तरेइतकी कडक शिक्षा मिळत नाही आणि तारखा पसरायला वाव मिळतो. स्थानिक पाणीही महत्त्वाचं: दक्षिण फ्लोरिडाच्या पाणथळ भागात हिवाळ्याच्या उत्तरार्धात जमीन कोरडी असते आणि जुलै-ऑगस्टचा गाभ नेमका त्याच सुमारास विततो. याशिवाय विसाव्या शतकात संपलेले कळप पुन्हा उभे करताना दूरची हरणं आणून सोडली गेली. अलाबामात जिथे उत्तरेकडची हरणं सोडली होती तिथे आजही शेजारच्या भागापेक्षा मीलन आधी होतं. सोडलेली हरणं केव्हाच गेली, पण त्यांच्या वंशाची तारीख टिकून आहे. म्हणून एखाद्या भागाची तारीख नुसत्या अक्षांशावरून सांगता येत नाही; तिथला कळप कुठून आला हे आधी विचारावं लागतं.

चितळ. विषुववृत्ताजवळ गेलं की दिवसमानाचा इशाराच क्षीण होतो. ४५ अंश अक्षांशावर वर्षातला सर्वात मोठा दिवस सुमारे साडेपंधरा तासांचा आणि सर्वात लहान पावणेनऊ तासांच्या आसपास. विषुवदिनाच्या, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याच्या, सुमारास दिवस रोज साधारण ३ मिनिटांनी बदलतो. २० अंशांवर हाच फरक साडेतेरा तासांच्या जरा आत ते अकरा तासांच्या आसपास इतकाच, आणि रोजचा बदल सव्वा मिनिटाच्या घरात. विषुववृत्तावर तर दिवस बाराही महिने बारा तासांच्या जवळपास राहतो. उत्तर अमेरिकेतल्या त्याच व्हाइट-टेल्ड डिअरची दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातली भावंडं म्हणूनच वर्षाच्या जवळजवळ कोणत्याही महिन्यात वितात.

चितळाच्या कळपात एकाच दिवशी टणक शिंगांचा नर, मखमलीतला नर आणि नुकतीच शिंगं गळालेला नर शेजारी शेजारी चरताना दिसतात. प्रत्येक नराचं चक्र साधारण वर्षाचं असतं, पण ती चक्रं एकमेकांशी जुळलेली नसतात. माद्याही वर्षभर माजावर येऊ शकतात. उत्तर युरोपातल्या प्राणिसंग्रहात, म्हणजे दिवसमान खूप बदलतं अशा ठिकाणी नेलेल्या चितळांनीही वर्षभर पाडसं दिलेली आहेत. यावरून दिसतं की चितळाच्या शरीरात दिवसमानाला प्रजननाच्या दारावरचा पहारेकरी केलेलंच नाही. तरीही रानात चढउतार दिसतो. मध्य भारतात मीलनाचा जोर उन्हाळ्यात असतो आणि गर्भकाळ सुमारे आठ महिन्यांचा, त्यामुळे हिवाळ्यात पाडसांची संख्या वाढते. हा चढउतार मुख्यतः अन्न आणि शरीराच्या भरावावर, म्हणजे अंगावरच्या मांस-चरबीवर, चालतो असं मी मानतो. म्हणूनच तो दरवर्षी आणि जागेप्रमाणे चितळात जास्त हलतो.

पण 'उष्ण प्रदेशातली सगळी हरणं चितळासारखी' असंही म्हणू नका. बाराशिंगा त्याच मध्य भारतात हिवाळ्यात जुळतो आणि त्याची पाडसं पावसाळ्याच्या अखेरीस येतात. हंगाम बराच ठरलेला असतो. सांबराचाही जोर हिवाळ्यात असतो, जरी इतर महिन्यांत तुरळक जन्म होतात. भेकर मात्र वर्षभर वितं, आणि वितल्यावर मादी लगेच पुन्हा माजावर येऊ शकते. तुमच्या भागात जी जात आहे तिचाच हिशेब करा. शेजारच्या जातीवरून तो लावू नका.

इथवरचं सार एवढंच की वंशाने ठरवलेली तारीख रात्रीच्या लांबीवरून ओळखली जाते. आता त्या तारखेच्या आजूबाजूला काही दिवस-आठवडे कशाने हलतात ते पाहू.

सर्वात मोठा घटक म्हणजे मादीचा भराव. दूध पाजून खंगलेली मादी उशिरा माजावर येते, फारच खंगली असेल तर त्या वर्षी येतच नाही. पहिल्या वर्षीची मादी पाडसं हा दुसरा घटक. व्हाइट-टेल्ड डिअरमध्ये चारा उत्तम असेल तर सहा-सात महिन्यांची मादीही पुरेसं वजन भरल्यावर गाभण राहते, पण प्रौढ माद्यांच्या साधारण महिनाभर नंतर. ज्या भागात अशा माद्या बऱ्याच असतात, तिथे डिसेंबरमध्ये दुसऱ्यांदा धावपळ दिसते आणि लोक 'हंगाम लांबला' म्हणतात. मुख्य हंगाम मात्र जागचा हललेला नसतो.

नराची उपस्थितीही काही दिवसांचा फरक करते. बंदिस्त रेड डिअर माद्यांना नराच्या डरकाळ्या ऐकवल्यावर त्या लवकर माजावर आल्या, हे प्रयोगाने दाखवलेलं आहे. नर-मादीचं प्रमाण फार बिघडलं तर मात्र परिणाम उलट दिसतो. प्रौढ नर कमी असले की काही माद्या पहिल्या माजात गाभण राहत नाहीत, उलटतात आणि पुढच्या माजात गाभण राहतात. हंगामाची सुरुवात तीच राहते, शेपूट लांबतं.

हवामान बदलाचा प्रश्न इथे येतोच. स्कॉटलंडच्या रम बेटावर रेड डिअरच्या एकेका प्राण्याची नोंद अनेक दशकं ठेवली गेली आहे. तिथल्या २८ वर्षांच्या नोंदींत वितण्याची तारीख, नरांचा हंगाम, शिंगं साफ होण्याची तारीख अशा गोष्टी ५ ते १२ दिवसांनी अलीकडे सरकलेल्या आढळल्या. दिवसमान तर तसूभर बदललं नाही. वाढलेलं तापमान, त्यामुळे लवकर येणारा चारा, सुधारलेला भराव आणि काही प्रमाणात जनुकीय निवड अशी कारणं पुढे आली. तापमानाचा परिणाम असतो तो असा: चाऱ्याच्या वाटेने, वर्षानुवर्षं, दिवसांच्या मापात. एका आठवड्याच्या थंडीने तो होत नाही.

मग थंडी पडली की हरणं दिसतात, ते काय? तोवर त्यांच्या अंगावर हिवाळी केस आलेले असतात. उबदार दिवशी असा नर पळापळ करून स्वतःला तापवून घेत नाही. तीच धावपळ रात्रीवर ढकलतो. थंड दिवशी ती दुपारी दिसते. मीलन दोन्ही दिवशी होतंच, साक्षीदार एकाच दिवशी असतो. चंद्राचंही असंच. पौर्णिमेचा उजेड एक लक्सच्याही (लक्स हे उजेडाचं माप) बराच खाली असतो, तर भर दुपारचा लाखाच्या घरात. गर्भाच्या वयावरून काढलेल्या गर्भधारणेच्या तारखा चंद्रकलांशी ताडून पाहिल्या तेव्हा टिकाऊ संबंध दिसला नाही: त्याच भागातली तारीख दरवर्षी त्याच आठवड्यात येते, पौर्णिमा कुठेही असो. हरणं कोणत्या वेळी हिंडतात यावर चंद्राचा थोडा परिणाम असू शकतो. गर्भधारणेच्या तारखेवर तो मानायला आधार नाही.

तुमच्या भागातली खरी तारीख काढायची असेल तर पाडसांपासून मागे या. नुकत्या जन्मलेल्या पाडसाची नाळ ओलसर असते, खुरांची टोकं मऊ असतात आणि चाल लटपटती. लांबूनच दुर्बिणीने पाहा. पाडसाला हात लावू नका आणि आईची वाट अडवू नका. अशा पाडसाची तारीख लिहा आणि गर्भकाळ वजा करा. व्हाइट-टेल्ड डिअरचा गर्भकाळ सुमारे २०० दिवस, म्हणून १ जूनला जन्मलेल्याची गर्भधारणा १३ नोव्हेंबरच्या आसपास. रेड डिअरचा सुमारे २३४ दिवस, म्हणून १ जूनचा जन्म १० ऑक्टोबरकडे नेतो. हा गर्भकाळही काही दिवस मागेपुढे होतो, विशेषतः चारा कमी असेल तर. तेव्हा एका पाडसावरून काढलेल्या तारखेला आठवड्याची सूट द्या.

जिथे कायदेशीर शिकार होते किंवा रस्त्यावर मेलेल्या माद्यांचं शवविच्छेदन होतं, तिथे गर्भ मोजणं जास्त अचूक. कपाळापासून शेपटीच्या मुळापर्यंतचं अंतर गर्भ जसा आकसलेला असेल तसाच ठेवून सरळ रेषेत मोजतात आणि त्या जातीच्या तक्त्यावरून वय काढतात. गर्भ ताणून सरळ केला की वय जास्त येतं आणि गर्भधारणेची तारीख खोटीच अलीकडे सरकते. ही चूक वारंवार होते. दुसऱ्या जातीचा तक्ता वापरणं ही दुसरी चूक. पाच-सहा मोजमापांवर निष्कर्ष काढू नका. निदान वीस-पंचवीस हवीत, तीही दोन-तीन वर्षांची.

आलेल्या तारखांची सरासरी काढू नका, मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर बरोबर मधे येणारी तारीख, घ्या, कारण दोन-चार उशिरा गाभण राहिलेल्या माद्या सरासरीला आठवडाभर ओढू शकतात. तारखा आठवड्यावार मांडल्या की आकार बोलू लागतो. एकच अरुंद उंचवटा असेल तर कळपाची घडी नीट बसलेली आहे. व्हाइट-टेल्ड डिअरमध्ये चार आठवड्यांच्या अंतराने दुसरा उंचवटा दिसला आणि त्यात प्रौढ माद्या असल्या, तर त्या उलटलेल्या आहेत. नरांची संख्या आणि वय तपासा. दुसऱ्या उंचवट्यात पहिल्या वर्षीच्या माद्या असतील तर ते उत्तम चाऱ्याचं लक्षण आहे, चिंता करू नका. रानात लावलेल्या कॅमेऱ्यांतल्या नरांच्या फोटोंची संख्या या आलेखात मिसळू नका. ती हालचालीची नोंद आहे. शिवाय कॅमेऱ्याची तारीख बॅटरी बदलताना बिघडलेली असू शकते, ती प्रत्येक वेळी पाहा.

हरणं बंदिस्त ठेवणाऱ्यांसाठी एक वेगळी बाब. रेड डिअरच्या शेतीत वीत काही आठवडे अलीकडे आणण्यासाठी कातडीखाली मेलॅटोनिनच्या हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या बसवतात. अशी गोळी रात्रंदिवस मेलॅटोनिन सोडते आणि शरीर त्याचा अर्थ 'रात्र मोठी झाली' असा लावतं. त्याआधी प्राण्याने पुरेसे मोठे दिवस अनुभवलेले असावे लागतात. हिवाळा नुकताच संपलेल्या प्राण्याला गोळी दिली तर ती वाया जाते, कारण लांब रात्रींना शरीर तोवर दाद देईनासं झालेलं असतं. फक्त माद्यांना गोळी देऊन नराला विसरणं ही नेहमीची फसगत. मादी लवकर माजावर येते आणि नर अजून मखमलीत असतो. शुक्राणू तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात, म्हणून नराची तयारीही आधी करावी लागते. आणि वितायला टेकलेल्या मादीला गोळी देऊ नये. मेलॅटोनिन प्रोलॅक्टिन हे दुधाचं संप्रेरक खाली आणतं, कास नीट भरत नाही, आणि पुढचं पाडस लवकर मिळवायच्या नादात पोटातल्या पाडसाचं दूध जातं. मात्रा आणि वेळ पशुवैद्याबरोबर ठरवा.

गोळीऐवजी गोठ्यात उजेडाचं वेळापत्रक लावणार असाल तर अंधार खरोखर अंधार हवा. मध्यरात्री चारा टाकायला लावलेला दिवा, फटीतून येणारा रस्त्यावरचा झोत यांनी मेलॅटोनिन मधेच तुटतं आणि शरीर मोठी रात्र वाचतच नाही. वेळापत्रक लावल्यावर परिणाम दिसायला सहा ते दहा आठवडे धरा. तोवर काही दिसलं नाही म्हणून वेळा बदलत बसलात तर प्राण्याच्या शरीराला ऋतूच लागत नाही. आणि एखादी मादी उभी राहताना दिसली तरी हंगाम लागला असं लगेच धरू नका, तिच्या मागोमाग चक्राच्या अंतराने दुसरा माज येतो का ते पाहा.